तीस शब्दांचं गाऱ्हाणं

दिवस रविवारचा, गणपती पोचवून झाल्यानंतरचा पहिलाच. रक्कम पाचशे रुपये, एकदा भरली की परत न मिळणारी. हजर माणसं चार: मी, माझी बायको, म्हापशाच्या कॉलेजात जाणारी आमची मुलगी आणि पेडण्याहून सकाळच्या बसने आलेला माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. जागा डिचोलीतल्या आमच्या घराचा सोपा. चहाबरोबर पाववाल्या पोदेराकडचे उंडे होते आणि चवथीच्या उरलेल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या होत्या.

पाचशे रुपये ही प्रवेश फी. पणजीतल्या एका निर्मिती संस्थेने मराठी गुन्हेगारी मालिकांसाठी गोष्टी मागवल्या होत्या. मोबाइलवर लोक आठ-आठ भाग एका दमात बघतात, तसल्या. अट अशी होती की पहिल्या फेरीत ते पटकथा वाचणारच नाहीत. फक्त एक वाक्य वाचतील. जास्तीत जास्त तीस शब्द, पात्राचं नाव घालायचं नाही, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं. वाक्य पटलं तर बोलावून घेऊन दहा मिनिटं ऐकतील. ह्या वाक्याला त्या धंद्यात लॉगलाइन म्हणतात. मी तोवर हा शब्द ऐकला नव्हता. मला वाटलं होतं, तीस शब्दांचं वाक्य म्हणजे चहा संपायच्या आत होणारं काम.

माझी बायको साखळी गावातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. गेली चार वर्षं ती शाळेतून आल्यावर, पेपर तपासून झाले की, एक खुनाची मालिका लिहीत होती. आठ भाग पूर्ण. गोष्टीचं मूळ माझ्याकडे आहे, हे मी इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे कुणी नोंदवेल असं वाटत नाही.

खाण चालू होती तोवर मी तिथल्या वजनकाट्यावर होतो. ट्रक माल भरून जाताना काट्यावर उभा राहतो, जेटीवर माल ओतून परत आला की पुन्हा उभा राहतो. रिकाम्या ट्रकचं वजन रोज जवळजवळ तेच यायला हवं. एकदा एक रिकामा ट्रक चारशे किलोंनी जड आला. मी अडवला. ताडपत्रीखाली चिरे निघाले. ड्रायव्हर आपल्या नव्या कुंपणासाठी वाटेत उचलून आणत होता. एवढंच झालं. रात्री जेवताना मी ते घरी सांगितलं. मुलगी हसली, बायको हसली नाही. तिने विचारलं, चिऱ्यांच्या जागी माणूस असता तर? मी म्हटलं, एक माणूस चारशे किलोंचा नसतो. ती म्हणाली, मग कमी करू.

तिथून सुरुवात झाली. तिच्या गोष्टीत काट्यावर मी नाही, एक तरुण मुलगी आहे. रिकामा ट्रक पासष्ट किलोंनी जड येतो, मागे गाड्यांची रांग लागलेली असते, ती पावतीवर सही करून ट्रक सोडते. त्या दिवशी खाणीचा मुकादम नाहीसा होतो. सकाळीच त्याचं आणि हिचं सगळ्यांदेखत भांडण झालेलं. पुढे मुकादमाचा खून झाला हे उघड होतं आणि सगळे हिच्याकडे बघू लागतात.

मी पहिला भाग वाचून दोन हरकती घेतल्या होत्या. एक, आमचा काटा वीस किलोंच्या पटीतच आकडा दाखवायचा, त्यामुळे पासष्ट कधीच येणार नाही. तिने मुकादमाला पाच किलोंनी बारीक केलं. दुसरी, साठ किलोंचा फरक म्हणजे काहीच नाही, डिझेलची टाकी भरलेली असली तरी त्याहून जास्त पडतो. मला वाटलं होतं की ह्याने गोष्टच कोसळेल. ती म्हणाली, "म्हणून तर ती सोडते." मग मी पुढचे भाग हरकत न घेता वाचले.

तर त्या रविवारी आम्ही वाक्य करायला बसलो.

बायकोने आधीच एक लिहून आणलं होतं. लोभ, भय आणि अपराधभावना यांच्या लाल धुळीत हरवलेल्या एका तालुक्याची गोष्ट, असं काहीतरी. ऐकायला फार चांगलं होतं. मुलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आई, ह्यात कोणी काय केलं?"

बायकोने कागद घडी करून ठेवला, कारण हे तिने आधी ऐकलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने हीच गोष्ट दुसऱ्या एका ठिकाणी पाठवली होती, तेव्हा चार पानांचा सारांश मागितला होता. उत्तर एका ओळीचं आलं: लेखन चांगलं आहे, गोष्ट कशाची आहे ते कळलं नाही. चार पानं वाचून कळलं नाही. त्यानंतर सहा महिने तिने त्या कागदांना हात लावला नव्हता.

मग मी प्रयत्न केला. काम नेमकं व्हावं म्हणून मी रिकाम्या ट्रकचं नेहमीचं वजन घातलं, त्या दिवशीचं वजन घातलं, दोन्हींमधला फरक घातला, काटा वीसच्या पटीत दाखवतो हेही घातलं, नाहीतर वाचणाऱ्याला साठ का ते कळणार नाही. मोजलं तर चौसष्ट शब्द झाले होते आणि ट्रक अजून काट्यावरून उतरला नव्हता. मेव्हणा म्हणाला, भावजी, हे वाक्य नाही, ही पावती आहे.

मुलीचं वाक्य सगळ्यात लहान होतं. लाल माती सगळं लपवते, वजन सोडून. आम्ही तिघांनी वाहवा केली. मला तर ते पाठवून मोकळं व्हावंसं वाटलं. पण बायको शिक्षिका आहे, तिने संस्थेच्या सूचना दोनदा वाचलेल्या. ती म्हणाली, हे पोस्टरवर छापायचं वाक्य झालं, ते झाकून ठेवतं. त्यांना उघडून सांगणारं हवंय. कोणाची गोष्ट, काय झालं, हे त्यात नाही. मुलगी थोडी रागावली, पण नेवरी खात रागावली.

मेव्हण्याने आठही भाग वाचले होते. त्याने रोखठोक वाक्य सांगितलं आणि त्यात खुनी कोण तेही सांगून टाकलं. बायकोने कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं, पणजीची माणसं कामात असतात, त्यांचा वेळ तरी वाचेल.

दुपारी जेवणाची वेळ झाली तेव्हा हातात एकच गोष्ट होती. संस्थेच्या सूचनांतून बायकोने तीन प्रश्न काढले होते: कोण? काय झालं? काय हवंय, आणि ते मिळालं नाही तर काय? मेव्हणा बस पकडायला निघताना म्हणाला की तुम्ही डोकं लढवा, पण आमच्या गावात कुठल्याही कामाची सुरुवात देवापुढच्या गाऱ्हाण्याने होते. बोअर मारायची असो, कोर्टाची तारीख असो, पोराची परीक्षा असो. गुरुवारी या. बायको म्हणाली, बघू. आमच्याकडे बघू म्हणजे बहुतेक वेळा नाही.

सोमवारपासून घरात ते तीन प्रश्न पाढ्यांसारखे सुरू झाले. मुलगी कुठूनही ओरडायची, कोण? आणि बायको मासळी साफ करता करता उत्तर द्यायची, काट्यावरची मुलगी. काय झालं? रिकामा ट्रक साठ किलोंनी जड आला, तिने सोडला. मुलीचं म्हणणं असं की वाक्य लिहायचं नसतं, ते बोलून बोलून गुळगुळीत व्हावं लागतं. कपडे वाळत घालताना, डबा भरताना, बायको केस विंचरत असताना हेच. शेजारीण एकदा कुंपणापाशी थांबली आणि मग जरा भरभर पुढे गेली. पण कागदावर उतरवलं की वाक्य पुन्हा फुगायचं. बायको त्यात धूळ घालायची, मी त्यात आकडे घालायचो.

बुधवारी संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती. मी समोरच्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, पेपर वाचत बसलो होतो. वर न बघता ती म्हणाली, "ह्या वेळीही कळलं नाही म्हणाले, तर ते कागद माळ्यावर टाका. माटोळीची चौकट ठेवतो ना, तिच्या बाजूला. आणि मग मला विचारू नका."

माटोळीची चौकट आम्ही वर्षातून एकदा, चवथीला, खाली काढतो. फळं, सुपाऱ्या, रानातले तुरे बांधून गणपतीवर टांगतो आणि पुन्हा वर ठेवतो. पण ती निदान वर्षातून एकदा तरी खाली येते. हे कागद वर गेले तर खाली यायचे नाहीत, हे मला कळलं. ती हेडमास्तरीणबाईंनी देऊ केलेले जादा वर्ग घेईल, संध्याकाळ भरून जाईल आणि कुणाला काही वेगळं वाटणारही नाही. मी पेपर घडी करून ठेवला आणि म्हटलं, उद्या तुझ्या शाळेला सुट्टी आहे, मीही रजा टाकतो, पेडण्याला जाऊन येऊ. तिने बघू म्हटलं नाही.

गुरुवारी आम्ही म्हापशाला बस बदलून पेडण्याला गेलो. मुलगीही आली. मेव्हण्याच्या गावचं देऊळ रस्त्यापासून जरा आत आहे. गुरुवार असल्यामुळे दहाबारा माणसं होती, कुणी प्रसाद लावायला, म्हणजे देवाचा कौल घ्यायला आलेली, कुणी नुसतीच खांबाला टेकून बसलेली. गाऱ्हाणं घालायचा मान तिथे एका घराण्याकडे आहे, आणि त्या घराण्यातले सध्याचे गृहस्थ सत्तरीचे, सडपातळ, खणखणीत आवाजाचे. सगळे त्यांना घाडीमामा म्हणतात.

ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसाने आपलं म्हणणं घाडीमामांच्या कानावर घालायचं. ते ते देवापुढे उभ्याने, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं मांडतात. प्रत्येक तुकड्यानंतर जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. शेवटी काम झाल्यास देवाला काय देणार ते सांगायचं. ते बहुतेक वेळा घाडीमामाच ठरवतात, माणसाची ऐपत बघून.

आमच्या आधी एकाचं गाऱ्हाणं होतं. त्याने भावाशी असलेला जमिनीचा वाद आजोबांपासून सांगायला घेतला. घाडीमामांनी त्याला हात वर करून थांबवलं. देवाला सगळी पाठची कथा माहीत आहे, म्हणाले, मुद्द्याचं सांग. मग आमचा नंबर आला. ही माझी डिचोलीची बहीण, असं सांगून मेव्हण्याने बायकोला पुढे केलं. ती अशा वेळी घाबरते. वर्गात पन्नास मुलांसमोर तासभर बोलेल, पण देवळात चार माणसांत नाही. घाडीमामांनी तिच्याकडे न बघताच, हजारदा विचारलेलं असावं तसं विचारलं:

"कोण? काय झाला? काय होया?"

मी तिच्या मागेच उभा होतो. मला पुढचं अर्धा क्षण आधी दिसलं, पण काही करता आलं नाही. चार दिवस हेच प्रश्न, ह्याच क्रमाने, कोणत्याही खोलीतून तिच्या अंगावर येत होते. पाढे म्हणावेत तसं तिने उत्तर दिलं. काट्यावर काम करणारी मुलगी, रिकामा ट्रक साठ किलोंनी जड आला, तिने सोडला, भांडलेला मुकादम त्याच दिवशी नाहीसा झाला, पावतीवर सही तिची. खुनी सापडायला हवा. नाहीतर तीच खुनी ठरणार.

घाडीमामांनी आता मात्र तिच्याकडे नीट बघितलं. मग एकदा मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हण्याने तोंड उघडलं होतं, पण तोवर ते देवाकडे वळले होते.

"बा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घालतंय ता आयक. डिचोलीच्या खाणीर, काट्यार काम करणारा एक चेडू."

"व्हय म्हाराजा."

"रिकामो ट्रक साठ किलोंनी जड इलो, तेणा तो सोडलो. त्याच दिवसा, सकाळी तेच्याकडे झगडलेलो मुकादम नाहीसो झालो."

ह्या वेळी 'व्हय म्हाराजा' यायला जरा उशीर झाला. खांबाला टेकून बसलेले दोघे उठून पुढे आले.

"पावतीर सही चेडवाची. खुनी सापडलो तर बरा, नायतर ताच खुनी ठरतला. तर म्हाराजा, चेडवाच्या पाठीक उभो रव, खुनी सापडून दी. आणि खुनी सापडल्यार तुका एकवीस नारळ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि ते इतक्या कळकळीने म्हणाले की मीही हात जोडले. मुलगी माझ्या शर्टाच्या बाहीत तोंड घालून हसत होती. पण बायको हसत नव्हती आणि घाबरलेलीही नव्हती. हात जोडलेले, डोळे उघडे, आणि ओठ हलत होते. ती प्रार्थना करतेय असं कुणालाही वाटलं असतं. मी तिच्याबरोबर बरीच वर्षं राहिलोय. ती शब्द मोजत होती.

बाहेर आलो तशी एका म्हातारीने तिचा हात धरला. ते चेडू तुमचं कोण लागतं, वकील दिलाय का, आई आहे का त्याला, असं तिने एका मागून एक विचारलं. बायकोने तिला खरं काय ते सांगितलं, की असं कुणी चेडू नाही, ही तिने लिहिलेली गोष्ट आहे. म्हातारीने हात सोडला.

"देवाक काणी सांगलंस?" ती म्हणाली.

हा प्रश्न बायकोला लागला. ती परत आत गेली आणि घाडीमामांना सगळं सांगून हात जोडून उभी राहिली. माझं गाऱ्हाणं मागे घ्या, म्हणाली, मी मागायला आले होते एक आणि मागितलं भलतंच. घाडीमामांनी पंच्याने घाम पुसला. न घडलेली गोष्ट देवापुढे मांडायची इतक्या वर्षांतली त्यांची ही पहिलीच वेळ असावी. त्यांचा चेहरा पडला नव्हता, पण ते हिशेब करत होते एवढं नक्की. शेवटी म्हणाले की घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, देवाने ते ऐकलंय. आता ते त्याच्याकडे आहे. एकवीस नारळही आहेत तसेच राहतील.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली. म्हापसा येईपर्यंत ती बोटांवर शब्द मोजत होती. स्टँडवर डिचोलीच्या बसची वाट बघत आम्ही उभे होतो, तेव्हा तिने वाक्य म्हणून दाखवलं. त्यात धूळ नव्हती आणि लोभही नव्हता. मी म्हटलं, डिझेलचा मुद्दा? ती म्हणाली, "घाडीमामांनी डिझेल विचारलं?" मुलगी म्हणाली, लिहून ठेव. बायको म्हणाली, नको, उद्यापर्यंत डोक्यात राहिलं तर खरं.

शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात गेलो. माझं ऑफिस सध्या डिचोलीत एका खताच्या गोदामात आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस मी बाजाराला देतो. नेहमीच्या केळीवाल्याकडे गेलो. तो पेडण्याकडचा, केळी आणि नारळ दोन्ही ठेवतो, मला चेहऱ्याने ओळखतो, पण आमचं गोत त्याला माहीत नाही. केळ्यांचा घड माझ्यापुढे ठेवत तो म्हणाला, तुम्ही डिचोलीचे ना, मग त्या काट्यावरच्या पोरीचं काय झालं?

मी म्हटलं, कुठल्या?

त्याने सांगितलं. रिकामा ट्रक, साठ किलो, सही, मुकादम, सकाळचं भांडण, आता खुनी सापडला नाही तर तीच. गुरुवारी दुपारी देवळात बोललं गेलेलं शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बाजारात पोचलं होतं, मधे किती तोंडं लागली ते देव जाणे, पण साठाचे सत्तर झाले नव्हते. ट्रक रिकामाच होता. सही पावतीवरच होती. काट्यावर मी अनेक वर्षं माल इकडून तिकडे जाताना बघितलाय, वाटेत थोडी घट धरावीच लागते. ह्यात घट नव्हती. मी ते सहज घेतलं असतं तर बरं, पण मला तिथेच केळी हातात धरून गहिवरून आलं.

"मगे, खुनी गावलो?" त्याने विचारलं. शेजारची मिरच्यावालीही मान वळवून बघत होती.

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायला वेळ नव्हता, पाठीमागे गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, तपास चालू आहे. आणि सुटे पैसे न घेताच निघालो, हे मला बसमध्ये आठवलं.

घरी येऊन मी बायकोला जसंच्या तसं सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं. केळीवाल्याने मुकादम आधी सांगितला की ट्रक आधी, हे तिला नेमकं हवं होतं. ट्रक आधी, मी म्हटलं. मग तिने मेजाशी बसून वाक्य उतरवलं:

"खाणीच्या वजनकाट्यावरची मुलगी साठ किलोंनी जड आलेला रिकामा ट्रक सोडते, त्याच दिवशी तिच्याशी भांडलेला मुकादम नाहीसा होतो, आणि खुनी तिने शोधला नाही तर पावतीवरच्या सहीमुळे तीच खुनी ठरणार असते."

मी मोजलं. एकोणतीस झाले. एक शब्द शिल्लक होता आणि तो वाया जाऊ नये म्हणून मी सुचवलं की सुरुवातीला 'डिचोलीच्या' घालता येईल. ती म्हणाली, "आता ह्यात तुमचा एकही शब्द नको हं." मुलीने पाचशे रुपये मोबाइलवरून भरले, शनिवारी सकाळी, मुदतीच्या बऱ्याच आधी. तो शिल्लक शब्द तसाच राहिला.

पणजीहून बोलावणं आलं ते नवरात्र सुरू व्हायच्या आधी. मला आत जायची परवानगी नव्हती, मी जिन्याखाली फेऱ्या मारत होतो. दहा मिनिटं ठरलेली, ती पाऊण तासाने खाली आली. आत दोन बायका आणि एक तरुण होता. हिने दहा मिनिटांचं भाषण पाठ करून नेलं होतं, ते तसंच राहिलं, कारण ती बसायच्या आत त्या तरुणाने विचारलं की मुकादम ट्रकमध्ये गेला कसा. एका बाईंना पोरीने सही करताना काय विचार केला ते हवं होतं. मग त्या तरुणानेच साठ किलोंवर शंका घेतली. डिझेलच्या टाकीनेच एवढा फरक पडत नाही का, म्हणाला. बायकोने शांतपणे सांगितलं, म्हणून तर ती सोडते. ती हे मला जिन्याखाली सांगत होती तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो, पण मला बरं वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा होकार आला. पहिल्या दोन भागांचं पक्कं लेखन तिने करायचं, पुढचं त्यानंतर. जादा वर्गांना तिने शाळेत नाही म्हणून सांगितलं. कागद माळ्यावर गेले नाहीत. मेजावर आहेत आणि त्यामुळे आम्ही सध्या जेवतो ते स्वैपाकघरात.

राहिला प्रश्न नारळांचा. मेव्हण्याने फोन करून सांगितलं की घाडीमामा विचारतात, नवसाचं काय? मी अटीकडे बोट दाखवलं. अट होती खुनी सापडल्यास. खुनी सापडणार आठव्या भागात. आठवा भाग अजून चित्रित व्हायचाय, म्हणजे नारळ अजून देय नाहीत. मेव्हण्याने हे घाडीमामांना कळवलं. त्यांनी उलट विचारलं की लिहिणाऱ्या बाईला खुनी कोण ते माहीत आहे की नाही. मी म्हटलं, आहे, चार वर्षांपासून. मग सापडला, घाडीमामांनी निरोप दिला. मी आणखी एखादी हरकत शोधू लागलो. बायको म्हणाली, शोधू नका.

नारळ घ्यायला मी त्याच केळीवाल्याकडे गेलो. ह्या वेळी मी आधी खरं सांगायचं ठरवलं होतं आणि सांगितलं: काट्यावरची पोर खरी नाही, माझ्या बायकोने लिहिलेली गोष्ट आहे, मोबाइलवर यायची आहे, मी त्या दिवशी तपास चालू आहे म्हणालो ते चुकीचं होतं. तो नारळ वाजवून बघता बघता थांबला. मला वाटलं, आता म्हातारीचं वाक्य ऐकावं लागणार. तो म्हणाला, "काणी जाली म्हणून काय जालें मरे? खुनी गावलो का नाय?"

मी म्हटलं, गावला. हे नारळ त्याचेच.

त्याने मग कोण ते विचारलं. मी सांगितलं नाही. त्याने आणखी दोनदा विचारलं, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि मिरच्यावालीने एकदा.

देवळात त्या दिवशी नेहमीपेक्षा माणसं जास्त होती. हात धरणारी म्हातारी पुढेच बसली होती आणि तिने बायकोला जागा करून दिली. नवस फेडायचं गाऱ्हाणं घाडीमामांनी घातलं. चेडू सुटलं, म्हाराजा. व्हय म्हाराजा. खुनी सापडलो, म्हाराजा. व्हय म्हाराजा. सगळे पुढे सरकले. घाडीमामा क्षणभर थांबले, बायकोकडे बघितलं, तिने नकारार्थी मान हलवली.

"कोण तो, ता तुका म्हायत आसा, म्हाराजा," घाडीमामा म्हणाले.

ह्यावरचं 'व्हय म्हाराजा' फारच बारीक आलं. म्हातारीने तर तोंड फिरवलं.

हिशेब असा. एकवीस नारळ, पंचेचाळीसच्या दराने नऊशे पंचेचाळीस. केळीवाल्याने पोर सुटली म्हणून वरचे पंचेचाळीस सोडले आणि माझे शुक्रवारचे राहिलेले सुटे बारा रुपयेही परत केले. त्याला दिले नऊशे. घाडीमामांना दक्षिणा एकशे एक, बायकोच्या हातून, तिच्या पहिल्या आगाऊ रकमेतून.